भालेराव काकांचं तायपिंग

भालेराव काका कुठल्याही मलेशियन रेस्टॉरंटमध्ये पुढच्या दाराने आधी शिरत नाहीत. इमारतीला वळसा घालून मागच्या बाजूला जातात. तिथे किचनचा एक्झॉस्ट फॅन गरम हवा बाहेर फेकत असतो आणि कचऱ्याचे व्हीली बिन्स ओळीने उभे असतात. त्या फॅनखाली काका हात मागे बांधून, डोळे मिटून उभे राहतात आणि वास घेतात. एकदा एक कामगार सिगारेट ओढायला बाहेर आला होता. त्याला वाटलं, कौन्सिलचे इन्स्पेक्टर आले. त्याने सिगारेट विझवली, सगळ्या बिन्सची झाकणं नीट लावली आणि 'सर' म्हणून आत पळाला. काकांनी डोळे उघडलेसुद्धा नाहीत.

मी हे सगळं गाडीत बसून पाहत असते. कारण गाडी माझी असते. डाव्या डोळ्याच्या ऑपरेशननंतर काकांनी ड्रायव्हिंग सोडलं, आणि मिल्टन कीन्समध्ये गाडी नसलेल्या माणसाला एका राउंडअबाउटवरून दुसऱ्या राउंडअबाउटकडे नुसतं बघत बसावं लागतं. आम्ही शेजारी. त्यात मला नाही म्हणता येत नाही. त्यामुळे गेली काही वर्षं महिन्यातले दोन शनिवार तरी मी आणि काका कुठल्या ना कुठल्या गावात, कुठल्या ना कुठल्या किचनच्या मागे असतो.

काका मूळचे नागपूरचे, पण उमेदीची सगळी वर्षं त्यांनी मलेशियात तायपिंग नावाच्या गावात काढली. तिथल्या रबरी हातमोज्यांच्या कारखान्यात ते क्वालिटी कंट्रोलला होते. डॉक्टर लोक घालतात ते हातमोजे. त्यात पाणी भरायचं, उलटं टांगायचं आणि कुठून थेंब गळतो का ते बघायचं. थेंब दिसला की लॉट रिजेक्ट. पुढे कंपनीने त्यांना इथल्या गोडाउनवर पाठवलं आणि ते इथेच रिटायर झाले. हातमोजे सुटले, तपासणी सुटली नाही. आता ते नासी लमाक तपासतात.

नासी लमाक म्हणजे नारळाच्या दुधात शिजवलेला भात. मी पहिल्यांदा नाव ऐकलं तेव्हा मला वाटलं, काहीतरी नासलंय. काका शांतपणे म्हणाले, "नासी म्हणजे भात. भात कधी नासत नाही, करणारा नासवतो." त्या भाताबरोबर तळलेले बारीक मासे, शेंगदाणे, काकडीचे काप, उकडलेलं अंडं आणि सांबाल. सांबाल म्हणजे लाल मिरचीची शिजवलेली, गोडसर, झणझणीत चटणी. काकांचं म्हणणं असं की बाकी सगळं कोणालाही जमतं. माणूस कळतो तो सांबालमध्ये.

त्यांच्या बोलण्यातही तायपिंग उरलंय. मलेशियात लोक वाक्याच्या शेवटी उगीचच 'ला' लावतात, आपण 'ना' लावतो तसा. काका तो मराठीला लावतात. "बस ला." "चहा घे ला." "पार्किंग इथेच कर ला." आमची इरा नऊ वर्षांची. तिचं मराठी आधीच बेताचं, लिंगाचा आणि क्रियापदाचा रोज झगडा. तिला हे 'ला' फार आवडलं, कारण त्याला लिंग नाही. एकदा व्हिडिओ कॉलवर ती माझ्या आईला म्हणाली, "आजी, मी जेवले ला." ती उठून गेल्यावर आईने मला विचारलं, "काय गं, घरात मराठी अजिबात नाही का?" मी म्हटलं, आहे, पण शेजारी मलेशिया आहे.

काकांच्या बाथटबमध्ये पंदानची कुंडी आहे. पंदान हे लांब हिरव्या पानांचं झाड. त्याचं पान भातात टाकलं की भाताला आपल्या आंबेमोहोरसारखा वास येतो. या झाडाला इथली थंडी सोसत नाही. म्हणून काका हिवाळाभर बाथरूमचं हीटिंग चालू ठेवतात आणि स्वतः हॉलमध्ये कोट घालून बसतात. एका डिसेंबरात मी म्हटलं, "काका, निदान रात्री तरी हॉलचं हीटिंग लावा." ते म्हणाले, "मला कोट घालता येतो. त्याला नाही येत ला."

बलाचानची गोष्ट आमच्या गल्लीत सगळ्यांना ठाऊक आहे, फक्त त्यामागे बलाचान होतं हे ठाऊक नाही. बलाचान म्हणजे आपल्या जवळ्याची आंबवून केलेली वडी. सांबालमध्ये घालण्याआधी ती भाजावी लागते. सुका जवळा भाजल्यावर घरात काय वास सुटतो ते ज्यांना माहीत आहे त्यांनी तो दहापट करावा. काकांनी शहाणपणा करून ती बागेतल्या शेडमध्ये भाजली. पलीकडच्या घरातल्या मार्गारेटबाईंना वाटलं, ड्रेन फुटलं. त्यांनी फोन केला, ड्रेनवाला माणूस आला आणि त्याने झाकणं उघडून कॅमेरा घातला. काका तासभर त्याच्या शेजारी उभे राहून खाली वाकून पाहत होते. मधे चहासुद्धा करून दिला. काहीच सापडलं नाही. तो गेल्यावर मी काकांना म्हटलं, "सांगायचं तरी." ते म्हणाले, "त्याची तपासणी चालली होती. मधे बोलू नये."

क्रॉयडनला माझ्या व्हिसाचं काम होतं तेव्हा काका सोबत आले. मी कागदांच्या भीतीने अर्धी झाले होते. नितीनला, म्हणजे माझ्या नवऱ्याला, सुट्टी मिळाली नव्हती. काका म्हणाले, "मी येतो. माणूस सोबत असलं की फाइल जड होत नाही." मला फार बरं वाटलं. काम होऊन बाहेर आल्यावर त्यांनी हळूच सांगितलं की इथून ट्रामने दोन स्टॉपवर, कार्पेटच्या दुकानावरती, एक नवीन मलेशियन जागा उघडली आहे.

नेहमीप्रमाणे ते आधी मागे गेले आणि पडलेल्या चेहऱ्याने परत आले. "पंदान नाही. बाटलीतला इसेन्स आहे. हिरवा."

"मग जाऊ या परत?"

"असं कसं? सँपल बघायला पाहिजे ला."

त्यांनी नासी लमाक मागवला. पहिला घास घेतला, मान हलवली, दुसरा घेतला. मग शेवटच्या शितापर्यंत सगळं संपवलं, अंगठ्याने सांबाल पुसून खाल्ला आणि हळू आवाजात मला म्हणाले, "लॉट रिजेक्ट."

"रिजेक्ट होतं तर संपवलंत कशाला?"

"टेस्टिंग अर्धवट सोडता येत नाही."

तेवढ्यात आतून एक तरुण कुक हात पुसत बाहेर आला. तो मलेशियातल्या जोहोरचा होता. काकांनी उठून त्याचा हात हातात घेतला आणि मलयमध्ये काहीतरी बोलले. त्यातला 'सेदाप' हा एकच शब्द मला कळतो. सेदाप म्हणजे चविष्ट. तो मुलगा इतका खूश झाला की त्याने आम्हाला नारळाच्या वड्या बांधून दिल्या. ट्राममध्ये मी काकांकडे नुसतं पाहिलं. ते खिडकीतून बाहेर बघत म्हणाले, "घरापासून लांब आहे पोरगा. त्याला काय रिजेक्ट सांगायचं?"

हीच गत लंडनला, लेस्टरला, मँचेस्टरला. ग्लासगोला तर ते एकटेच सकाळच्या ट्रेनने एका लाक्सासाठी, म्हणजे नारळाच्या दुधातल्या तिखट रस्सेदार नूडल्ससाठी, गेले आणि संध्याकाळी परत आले. मी विचारलं, "कसं होतं?" तर म्हणाले, "सूप चांगलं होतं. लाक्सा नव्हतं." पण चेहरा मात्र प्रसन्न. इतक्या लांब जाऊन नापास जेवण जेवलेला माणूस एवढा प्रसन्न कसा, हे कोडं मला तेव्हा सुटलं नव्हतं.

रविवारी दुपारी ते कुणालाही भेटत नाहीत. तेव्हा 'काक'ला फोन असतो. सुरुवातीला मला वाटलं, यांनी कावळा पाळलाय की काय. मग कळलं की मलयमध्ये मोठ्या बहिणीला काक म्हणतात. तर या काक रोहाना. तायपिंगला काकांच्या शेजारी राहायच्या आणि घराच्या फाटकात टेबल मांडून सकाळी नासी लमाकची पुडकी विकायच्या. रविवारी त्यांना फोनवर शनिवारचा अख्खा रिपोर्ट जातो. भिंत मधे असूनही काकांचा आवाज आमच्या किचनमध्ये येतो, आणि फोनमधून खळखळून हसण्याचाही.

मागच्या वसंतात काकच्या मुलीला ग्लासगोला बाळ झालं. ती तिथे युनिव्हर्सिटीत शिकवते. बाळंतपणासाठी काक आल्या आणि परत जाण्याआधी दोन दिवस काकांकडे यायचं ठरलं. ही बातमी मिळाल्यापासून काकांचं चित्त ठिकाणावर नव्हतं. इतकी वर्षं ज्या बाईला फोनवर 'हे रिजेक्ट, ते रिजेक्ट' सांगितलं, तिला आता कुठे जेवायला न्यायचं? पास झालेली एकही जागा नव्हती. शेवटी त्यांनी ठरवलं, घरीच करायचं.

मग तीन आठवडे प्रयोग चालले. रोज संध्याकाळी दारावर टकटक, आणि काका डबा घेऊन उभे. "हे रिजेक्ट झालंय. तुम्हाला चालेल?" आमचा फ्रीज नापास सांबालने भरला. नितीन तो ब्रेडला लावून ऑफिसला नेऊ लागला, इरा पास्त्यात घालू लागली. मला तर सगळे उत्तम लागत होते. काकांना विचारलं, नक्की काय कमी आहे, तर ते डब्याचं झाकण लावत म्हणाले, "ते मला इथे करता येणार नाही." आणि विषय बदलला.

रविवारी दुपारी आम्ही स्टेशनवर गेलो. ट्रेनमधून डोक्याला फुलाफुलांचा रुमाल बांधलेली एक ठेंगणी, सत्तरीची बाई उतरली. काका पुढे झाले. दोघं समोरासमोर उभी राहिली. काकांनी हात जोडले, काकने उजवा हात छातीवर ठेवला. माणसं बाजूने जात होती. शेवटी काक शाल घट्ट ओढून म्हणाल्या, "अगं बाई. थंडी."

मी चकितच झाले. "यांना मराठी येतं?"

"एवढंच येतं," काका म्हणाले, आणि बॅग उचलून भराभर पुढे चालू लागले.

आम्ही गाडीत बसलो. फोनवर तासन्‌तास बोलणारी ही दोन माणसं आता एकमेकांकडे बघतसुद्धा नव्हती. काका अधूनमधून "हा अजून एक राउंडअबाउट" असं इंग्रजीत सांगत होते आणि काक मान डोलावत होत्या.

घरी आल्यावर काक सरळ किचनमध्ये गेल्या. ओट्यावर काकांच्या शेवटच्या प्रयत्नाचं पातेलं होतं. त्यांनी चमच्याने थोडा सांबाल तळहातावर घेतला, चाटला आणि गंभीर चेहऱ्याने म्हणाल्या, "लॉट रिजेक्ट." मी हसले. काकांनाही थोडं हसू आलं. ते पंदानची पानं कापायला वर बाथरूममध्ये गेले.

ते गेल्यावर काक माझ्याकडे वळल्या. त्या इंग्रजीत बोलत होत्या, तोडकं पण स्पष्ट. "जिरं आहे?"

मी डबा दिला. त्यांनी छोट्या कढईत जिरं कोरडंच भाजलं, वाटीने ओट्यावर भरडलं, पातेल्याखाली गॅस लावला आणि ते आत टाकलं. वर गुळाचा खडा.

"तुमच्या सांबालमध्ये जिरं असतं?" मी विचारलं.

"कुणाच्याच नसतं," काक म्हणाल्या. "नलिनीच्या असायचं. माझा हात भाजला होता, तेव्हा ती म्हणाली, तू भात कर, सांबाल मी करते. हात बरा झाला, तरी सांबाल तिनेच केला. तायपिंग सोडेपर्यंत. सगळी गल्ली म्हणायची, काक रोहानाचा सांबाल. खरं तर नागपूरच्या बाईचा."

नलिनी म्हणजे भालेराव काकू. त्या गेल्या तेव्हा आम्ही या घरात राहायला आलो नव्हतो. काकांच्या तोंडून मी त्यांच्याविषयी "मिसेस इथेच गेल्या" यापलीकडे काही ऐकलं नव्हतं.

"ती गेल्यावर हा दर रविवारी फोन करायचा," काक पातेल्यात चमचा फिरवत म्हणाल्या. "हॅलो म्हणायचा आणि गप्प. मीही गप्प. दोघांना रडू यायचं, म्हणून दोघं बोलत नव्हतो. मग एकदा तो म्हणाला, काक, आज इथे इतका वाईट नासी लमाक खाल्ला. कसा वाईट, ते सांगितलं. मला हसू आलं. पुढच्या रविवारी त्याने अजून एक वाईट शोधून आणला." त्यांनी गॅस बारीक केला आणि कांदा कापायला घेतला. "बाहेरचं खाणारा माणूस नाही हा. तायपिंगला कधी हॉटेलात गेला नाही. फक्त माझं पुडकं आणि तिचा डबा."

 भाजलेल्या जिऱ्याचा वास एव्हाना किचनभर झाला होता आणि जिन्यावर पोचला होता. कारण काका खाली येता येता मधल्या पायरीवर थांबले. हातात पंदानची पानं होती. मग ते दारात येऊन उभे राहिले.

"जिरं घातलं," ते म्हणाले. विचारलं नाही.

"म्हणजे तुम्हाला माहीत होतं?"

"तिच्या हाताला रोज सकाळी वास यायचा, वैशाली. मी क्वालिटी कंट्रोलला होतो."

"मग घरी का नाही घातलंत? तीन आठवडे आम्ही तो सांबाल खातोय."

"जिऱ्याच्या डब्यापर्यंत हात गेला होता," काका म्हणाले. "एकट्याने नव्हतं करायचं."

"आणि इतकी वर्षं गावोगाव काय शोधत होतात? कुठेच मिळणार नव्हतं हे तुम्हाला ठाऊक होतं."

त्यांनी पानं सिंकमध्ये ठेवली आणि नळ सोडला. "रविवारी काकला सांगायला काहीतरी पाहिजे ना," ते मराठीत म्हणाले. काकला शब्द कळले नसणार. पण त्यांनी काकांकडे पाहिलं आणि मग डोळे पुसायला रुमालाचं टोक वर घेतलं. तसं कांदाही कापत होत्याच त्या.

जेवायला आम्ही तिघं बसलो. काकांनी पहिला घास घेतला आणि बराच वेळ चावत राहिले. मी निकालाची वाट पाहत होते. निकाल आला नाही. त्यांनी दुसरा घास घेतला.

सांबाल तिखट होता. माझ्या नाकातोंडातून पाणी यायला लागलं, तसं काकने उठून फ्रीज उघडला आणि दुधाची बाटली दाखवून मला विचारलं, "सुसू?"

मी घास तोंडात तसाच धरून काकांकडे पाहिलं.

"मलयमध्ये दुधाला सुसू म्हणतात," काका म्हणाले. एवढं म्हणून ते थांबले. मग त्यांचे खांदे हलायला लागले. त्यांना काय आठवलं ते काकलाही कळलं, आणि त्या बाटली हातात घेऊनच हसायला लागल्या.

मग ती गोष्ट मला दोघांकडून मिळून कळली, अर्धी मराठीत, अर्धी इंग्रजीत. नलिनीकाकू तायपिंगला नव्या होत्या, पहिलाच आठवडा. कोपऱ्यावरच्या दुकानात दूध आणायला गेल्या. दुकानदार भला माणूस. तो कपाटाकडे बोट करून म्हणाला, सुसू? काकू म्हणाल्या, नको, नको, दूध. त्याला वाटलं, बाईंना ऐकू कमी येतं. तो मोठ्याने म्हणाला, सुसू, सुसू. दुकानात चार माणसं. काकू लाल झाल्या आणि तरातरा निघाल्या. नारळ घ्यायला आलेल्या काकने त्यांना दंड धरून थांबवलं, एक डबा फोडला आणि तळहातावर पांढरं दूध ओतून दाखवलं.

"तिने माझ्या हाताकडे पाहिलं," काक म्हणाल्या, "आणि ती तांदळाच्या पोत्यावर बसली. हसत, हसत, हसत. मला वाटलं, वेडी आहे. तरी मीही हसले. मला काहीच कळलं नव्हतं."

"मी संध्याकाळी कामावरून आलो," काका म्हणाले, "तर ही अनोळखी बाई आमच्या पायरीवर बसलेली. नलिनी शेजारी. दोघींना एकमेकींचा एक शब्द येत नाही आणि दोघी हसतायत. मी विचारलं, काय झालं? दोघींनी माझ्याकडे पाहिलं आणि परत हसायला लागल्या. मला वर्षभर कुणी सांगितलं नाही."

काकांनी चष्मा काढून शर्टाच्या टोकाने पुसला. काकच्या ताटातला भात संपला होता. काकांनी त्यांना आणखी वाढला, वर सांबाल घातला, माझ्या ताटातही थोडा घातला.

"सायकल ती तिथेच शिकली," ते म्हणाले. "म्हणजे नलिनी. शिकवायला कोण होतं माहीत आहे का?"

"अगं बाई," काक म्हणाल्या आणि त्यांनी कपाळावर हात मारला.

मी खुर्ची पुढे ओढली.